मास्तरांची दुसरी साक्ष

आमच्या वऱ्हाडात एसटीच्या वाहकाला मास्तर म्हणतात आणि शाळेतल्या शिक्षकाला सर. त्यामुळे अमरावती–परतवाडा गाडीत मास्तर होते ते नागसेन तायडे. मी चांदूर बाजारच्या शाळेचा मुख्याध्यापक असूनही त्या गाडीत केवळ एक पासधारक सर होतो. रोज अमरावतीहून जाऊन-येऊन मी नोकरी पूर्ण केली आणि त्यातील बहुतेक वर्षे मास्तरांच्या गाडीत काढली. माझ्या निवृत्तीनंतर त्यांनी आमच्याच वसाहतीत घर बांधले, तेव्हा हा प्रवासातला परिचय शेजारात रूपांतरित झाला.

मास्तरांच्या कामाची एक पद्धत होती. ती आधी सांगितल्याशिवाय पुढील हकिकत नीट कळणार नाही. ते माणसांना नावाने ओळखत नसत, थांब्याने ओळखत. "ओ थुगाव, सरका अंदर. शिरजगाव, तुमची पिशवी घ्या पायातून." थुगाव आणि शिरजगाव निमूटपणे सरकत. माझ्या मुलीच्या लग्नात ते आवर्जून आले आणि सर्वांसमोर मला "नमस्कार, चांदूर सर!" म्हणाले. माझे आडनाव त्यांना आजही सांगता येईल की नाही, याविषयी मी साशंक आहे. त्यांची नजर प्रथम पैसे देणाऱ्या हातावर जाई, मग तिकिटाच्या यंत्रावर आणि वेळ उरली तर चेहऱ्यावर. बाजारात एखादा ओळखीचा माणूस भेटला की ते थबकत आणि म्हणत, "चेहरा आपल्या गाडीतला आहे सर, पन थांबा आठवून नाई राहिला." थांबा आठवला की त्यांना माणूस सापडे. तोवर तो नुसता एक चेहरा असे.

चार वर्षांपूर्वी, ऐन सोयाबीनच्या हंगामात, चांदूर बाजारच्या अलीकडे एका संत्र्याच्या बागेत रामराव निंभोरकर आणि त्यांच्या पत्नी रुख्मिणीबाई यांचा खून झाला. दोघेही वृद्ध होते आणि बागेतल्याच घरात राहत. रुख्मिणीबाईंच्या गळ्यातली सोन्याच्या मण्यांची एकदाणी नाहीशी झाली होती. त्यांची मुलगी साधना ही माझी विद्यार्थिनी. ती आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिला मी त्या दिवशी पाहिले आणि पुन्हा तशा अवस्थेत कोणाला पाहण्याची वेळ येऊ नये असे मनात म्हटले.

त्या सायंकाळी बागेजवळच्या विनंती थांब्यावरून एक माणूस मास्तरांच्या गाडीत चढला होता. त्याचा सदरा ओला होता. त्याने अमरावतीचे तिकीट मागितले, नोट दिली आणि उरलेले पैसे न घेताच मागे जाऊन बसला. मास्तरांनी हे पोलिसांना आपणहून सांगितले. काही दिवसांनी मेळघाटातला एक कोरकू मजूर, मनोज कासदेकर, पकडला गेला. तो रामरावांकडे सोयाबीनच्या सोंगणीला, म्हणजे कापणीला, होता, मजुरीवरून त्याची त्यांच्याशी बाचाबाची झाली होती आणि त्याचा विळा त्या घरात सापडला होता. नायब तहसीलदारांसमोर ओळख परेड झाली. एकाच वयाच्या माणसांची रांग उभी होती. मास्तर तिच्यासमोरून गेले, थांबले आणि त्यांनी मनोजकडे बोट दाखवले. पुढे सत्र न्यायालयातही त्यांनी तसेच सांगितले. आरोपीला फाशीची शिक्षा झाली.

त्या निकालानंतर पंचक्रोशीत सुटकेचा निःश्वास टाकला गेला, हे मान्य केले पाहिजे. मधल्या काळात बागायतदारांनी रात्री राखणीला जाणे सोडले होते. ते पुन्हा बागेत झोपू लागले. वसाहतीच्या बगिच्यात सकाळी फिरून झाल्यावर आम्ही निवृत्त मंडळी एका बाकावर बसतो. तिथेही या निकालाची चर्चा झाली. पाटबंधारे खात्यातले निवृत्त अभियंता सूर्यभानजी तावातावाने म्हणाले, "आता हे पहा. केस नागपूरले जाईन, मंग दिल्लीले, मंग राष्ट्रपतीले अर्ज. तवरोक त्याले बसून खाऊ घाला, आपल्या टॅक्सच्या पैशातून! देऊन टाका ना फाशी, खर्च तरी वाचन."

मी म्हणालो, "सूर्यभानजी, हिशेब उलटा आहे. जन्मठेपेच्या कैद्यासाठी एवढ्या पायऱ्या आपोआप चढाव्या लागत नाहीत. त्या फाशीसाठी आहेत. प्रत्येक पायरीवर वकील, कागद, वेगळा पहारा हे आलेच. सरकारला फाशीच अधिक महाग पडते."

"मंग काढून टाका ना त्या पायऱ्या!"

"काढा. पण पहिल्या पायरीवर कधीच चूक होत नाही, अशी हमी कोणीतरी लिहून द्यायला हवी."

मास्तरांना त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती आणि ते आमच्यातच बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "चूक कायची सर? माह्या डोयानं पाह्यलं मी त्याले." सूर्यभानजींनी विजयी मुद्रेने माझ्याकडे टाळी मागितली. मी ती दिली नाही, परंतु मास्तरांच्या बोलण्यावर शंका घेण्याचे मला त्या वेळी कारणही नव्हते.

निकालाला वर्ष होत आले आणि सोयाबीनचा हंगाम पुन्हा आला. एका सकाळी परतवाड्याच्या स्थानकात मेळघाटातल्या मजुरांची टोळी गाठोडी घेऊन मास्तरांच्या गाडीत चढली. त्यात एक तरुण बाई होती. तिने महिलांचे अर्धे तिकीट घेतले आणि वाहकाच्या बाकामागच्या आसनावर बसून ती त्यांच्याकडे एकटक पाहू लागली. पुढला संवाद मास्तरांनीच मला अनेकदा सांगितला आहे, म्हणून तो मी तिच्या शब्दांत देऊ शकतो.

"मास्तर, पहचाना नहीं क्या? मुर्गीवाली हूँ मैं."

"कोणती मुर्गी, बाई?"

"तूने मेरे आदमी को गाडी से उतारा था. थैले में मुर्गी थी. तू बोला, मुर्गी का भी टिकट लगेगा. वो बोला, मुर्गी सीट पे थोडी बैठी है? पूरी गाडी हँसी थी. तू भी हँसा था, फिर चढा लिया था वापस."

मास्तरांना ते लख्ख आठवले. पिशवीतून बाहेर आलेली कोंबडीची मान, तो ओशाळून हसणारा तरुण, मागून कोणीतरी ओरडलेले "मास्तर, कोंबडीले बी पास देऊन टाका!" हे सारे आठवले.

"रोज सुबह तेरी ही गाडी में आते थे हम लोग, सोयाबीन को," ती म्हणाली. "तू तो उसको जानता था रे, मास्तर. जान के भी कैसे बोला?"

ती फुलमती, मनोजची पत्नी. तिची समजूत अशी होती की मास्तरांनी ओळखत असूनही खोटे सांगितले. प्रत्यक्षात उलट घडले होते. परेडमध्ये रांगेतला एकच चेहरा मास्तरांना ओळखीचा वाटला. त्याचा थांबा आठवेना. पोलिसांनी विनंती थांब्यावरचा माणूस ओळखायला बोलावले होते, म्हणून तो थांबा त्या चेहऱ्याला आपोआप चिकटला.

त्याच सायंकाळी मास्तर गणवेश न उतरवता माझ्याकडे आले. त्यांच्यासोबत त्यांच्या पत्नी ज्योत्स्नाताई होत्या. खुर्ची दिली तरी मास्तर उभेच राहिले.

"सर, त्या दिवशीचा मानूस डोयासमोर आनतो, तं कोंबडीवालाच येते. कोंबडी काढून टाकली तं चेहराच राहत नाई. निस्ता हात राहते, नोट धरलेला. गाडीतला लाइट बी बंद होता त्या दिवशी." मग ते म्हणाले, "परेडमधी मले पाहून थोडा हसला बी होता तो. ओळखीचा म्हनून हसला असन. मले वाटलं, काय निर्लज्ज आहे!"

"म्हणजे तो तिथे नव्हताच, असे तुम्हाला म्हणायचे आहे?"

"नव्हता असं बी नाई सांगता येत. मी त्याले पाह्यलं, हे नाई सांगता येत आता."

भेद अचूक होता. मी त्यांना बसवले आणि जे मला माहीत होते ते सांगितले. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. ती कायम करावी की नाही याचा विचार चालू असताना उच्च न्यायालय नवा पुरावा घेऊ शकते. प्रकरण अजून नागपूर खंडपीठापुढे होते. मनोज जिवंत होता. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. "म्हंजे टाइम आहे," ते म्हणाले.

"टाइम आहे, पन नोकरीचं काय?" ज्योत्स्नाताईंनी विचारले. "खोटी साक्ष देल्ली म्हनून यायलेच आत टाकलं तं?"

मी म्हणालो, "जाणूनबुजून खोटे सांगणे हा गुन्हा आहे. प्रामाणिकपणे चुकणे नव्हे. मात्र त्रास होणार नाही असे मी म्हणणार नाही."

ज्योत्स्नाताईंनी क्षणभर पदराचे टोक बोटांत फिरवले. मग पतीकडे वळून म्हणाल्या, "परेडमधी बोट तुमीच उचललं ना? मंग खाली बी तुमीच करा. माही शिवनाची मशीन आहे घरात. उपाशी नाई मरत आपुन."

मास्तरांना वकिलाआधी साधनाकडे जायचे होते. तिला हे दुसऱ्याकडून कळू नये, असे त्यांचे म्हणणे होते. रविवारी आम्ही दोघे चांदूर बाजारला गेलो. साधनाने माझ्या पायांना हात लावला, मास्तरांना पाणी दिले आणि त्यांचे बोलणे पूर्ण होईपर्यंत उभी राहून ऐकले. मग तिचा आवाज चढला.

"तुमी कोर्टात माह्यासमोर बोट दाखवलं होतं! माह्या मायबापाच्या नावानं! अन् आता आठवून नाई राहिलं म्हनता? सर, यायले तुमी घेऊन आले?"

"मीच घेऊन आलो," मी म्हणालो.

"निकाल लागला तवा मी पेढे नाई वाटले, सर. कोनाले काई बोलली नाई. फक्त झोपली. पयल्यांदा झोपली." ती मास्तरांकडे वळली. "ते झोप बी घेऊन चालले तुमी माही."

मास्तर मान खाली घालून म्हणाले, "हाव बाई."

अंगणात तिचे सासरे नत्थुजी आपल्या संत्र्याच्या बागेत राखणीला जाण्यासाठी सायकलला कंदील अडकवत होते. साधनाची नजर त्यांच्यावर गेली आणि तिथेच थांबली.

"मंग तो कुठं आहे?" ती हळूच म्हणाली. "ज्यानं केलं तो?"

मास्तरांनी हातातला पेला खाली ठेवला.

"म्हंजे मी मामंजीले बागेत एकटं झोपू देऊन राहिली वर्षभरापासून. कोनाच्या भरवशावर? फाशी झाली म्हनून!" ती ताडकन अंगणात गेली. "मामंजी, कंदील काढा तो. आजपासून बागेत झोपाचं नाई."

"काहून वं? चोर तं जेलात आहे."

"नाई आहे जेलात. या आत."

ती परत आली तेव्हा रडत होती, पण बोलणे स्पष्ट होते. "तुमी नागपूरले जा, मास्तर. मी बी येतो. पोलिसात अर्ज मी देतो, पुन्हा तपास करा म्हनून. दुसऱ्याच मानसाले लटकवून माह्या मायबापाचं काय होनार आहे?"

येताना गाडीत मास्तर खिडकीशी बसले. त्या दिवशी प्रथमच मी त्यांना प्रवासी म्हणून पाहत होतो.

मनोजतर्फे सरकारी विधी साहाय्यातून नेमलेल्या वकील संध्या खंडारे या तरुण, कमी बोलणाऱ्या आणि नेमक्या बाई होत्या. त्यांनी रीतसर अर्ज केला, तो मंजूर झाला आणि मास्तरांची पुन्हा साक्ष झाली. साधना पहिल्या रांगेत बसली होती. मी मागे बसलो होतो. सरकारी वकिलांनी विचारले, "पहिल्या वेळी तुम्ही खात्रीने सांगितले. आज म्हणता, खात्री नाही. यातले खरे कोणते?"

"दोनी खरे आहेत साहेब. तवा खात्री होती. पन ते खात्री चुकीची होती."

"तुम्हाला कोणी धमकावले? काही दिले?"

"गाडीत लोक मलेच इचारून राहिले साहेब, किती भेटले म्हनून."

न्यायमूर्तींनी विचारले, "त्या संध्याकाळच्या प्रवाशाचे आज तुम्हाला नक्की काय आठवते?"

"हात आठवते, साहेब. ओला सदरा आठवते. अन् अमरावती मांगतली, ते आठवते. तोंड नाई आठवत. जे तोंड सांगतलं ते दुसऱ्या दिवसाचं होतं." आणि त्यांनी कोंबडीची हकिकत सांगितली. न्यायालयात कोणी हसले नाही.

लोकांनी विचारले होते, हे खरेच होते. अर्ज मंजूर झाल्याची बातमी पसरल्यापासूनच मास्तरांच्या गाडीत टोमणे सुरू झाले होते. "काय मास्तर, किती भेटले?" असे एकाने भर गाडीत विचारले. "भेटले असते तं तुले सुटे देल्ले असते ना बावा," मास्तरांनी उत्तर दिले आणि यंत्रातून तिकीट खर्रकन फाडून त्याच्या हातात ठेवले. बाहेरून ते असे सावरून असत. घरी मात्र त्यांचे जेवण तुटले होते. ज्योत्स्नाताई माझ्या पत्नीला सांगत, "वाढलेलं ताट तसंच राहते. म्हनते, निकाल उलटा लागला तं? मी सांगतलं अन् तरी बी त्याले लटकवलं तं?" त्या काळात ते रोज बुद्धवंदनेला बसत आणि जीवहत्या न करण्याच्या पहिल्या शीलापाशी त्यांचा आवाज अडखळे, असेही त्यांनी सांगितले.

निकाल राखून ठेवलेला असतानाच अकोल्याकडून बातमी आली. तिकडच्या एका शेतवस्तीवर एका वृद्ध दांपत्यावर हल्ला झाला होता. सुदैवाने शेजारी धावून आले, दोघे वाचले आणि हल्लेखोर जागीच धरला गेला. साधनाच्या अर्जामुळे अमरावतीचे पोलीस अशा घटनांवर लक्ष ठेवून होते. त्यांनी त्या माणसाच्या घराची झडती घेतली, तेव्हा एक सोन्याची एकदाणी निघाली. साधनाने ती हातात घेतली आणि म्हणाली, "आईची आहे. हा मनी मी लहानपनी चावला होता." तो माणूस दोषी आहे की नाही, हे न्यायालय ठरवील. ते ठरवणे माझे काम नव्हे आणि बाकावरच्या मंडळींचेही नव्हे.

अर्थात बाकावर ते ठरलेच. सूर्यभानजी म्हणाले, "सर, पायऱ्या पायजेत, हे मानलं. पन आता हा खरा सापडला ना? याले तं देऊन टाका फाशी."

"मागच्या वेळीही खराच सापडला होता," मी म्हणालो.

मी पुढे सांगितले की बागेत झोपणाऱ्या माणसाला हवा असतो तो बंद दरवाजा. खुनी भिंतीआड राहिला की नत्थुजी सुरक्षित असतात. दोराने त्यात भर पडत नाही. उलट दोर दाखवल्याने सर्वांनी कड्या काढून टाकल्या आणि खरा माणूस वर्षभर मोकळा फिरला. याचा खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा? अकोल्याच्या त्या दांपत्याला विचारावे. सूर्यभानजींनी काठीने जमिनीवर एक रेघ ओढली आणि पुसली. साधनाला मी हेच विचारले, तेव्हा तिने एका वाक्यात उत्तर दिले. "मले तो बाहेर नको, सर. बस, एवढंच."

ओळख बाद झाल्यावर उरलेला विळा आणि बाचाबाची हा पुरेसा पुरावा नाही, असे म्हणून उच्च न्यायालयाने मनोजची फाशी आणि दोषसिद्धी दोन्ही रद्द केल्या. संध्याताईंचा फोन आला तेव्हा मास्तर गाडीवर होते. ज्योत्स्नाताईंनी त्यांना कळवले आणि त्या माझ्या दारात येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. हातानेच त्यांनी 'सुटला' असे सांगितले.

सुटकेच्या दिवशी मास्तर रजा काढून एकटेच नागपूरला गेले. मी येतो म्हणालो, परंतु त्यांनी नको म्हटले. सायंकाळी ते परतले, ते थेट माझ्या ओट्यावर येऊन बसले. त्यांचा चेहरा उन्हाने रापला होता आणि कधी नव्हे ते सदऱ्याची एक गुंडी उघडी होती.

"भेटला?" मी विचारले.

"भेटला. जेलच्या फाटकाबाहेर त्याची बायको जीप घेऊन उभी होती. मी बाजूले उभा. तो बाहेर आला, पयले तिच्याकडं पाह्यलं, मंग मले पाह्यलं. मंग जे सुरू झाला ना सर!" मास्तर सांगताना चक्क हसू लागले. "आर्धं कोरकूत, आर्धं हिंदीत. माहे मायबाप काढले. मास्तर आहे का कसाई, म्हने. बैल इकला तुह्यापायी, म्हने. फाटकावरचा शिपाई पाह्याले आला, काय झालं म्हनून. लय बोलला सर, लय."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काई नाई. उभा राहिलो. माफी मांगावं असं मनात होतं, पन त्यानं बोलूच नाई देल्लं. बोलता बोलता जीपमधी बसला, खिडकीतून बी बोलतच होता. जीप मेळघाटाकडं लागली, तरी त्याचा हात बाहेरच, मले दाखवत."

"वाईट वाटले?"

"वाईट?" मास्तरांनी आश्चर्याने माझ्याकडे पाहिले. "सर, रागवाले मानूस जित्ता लागते. मी तिथं उभं राहून निस्ता ऐकत होतो, अन् मले वाटे, बोल बावा, अजून बोल. दिवसभर बोल."

शेजारच्या खिडकीतून ज्योत्स्नाताईंचा आवाज आला, "येता का जेवाले? का आज बी ताट झाकून ठेवू?"

"झाकू नको," मास्तर उठत म्हणाले. "वाढ. भाकरी जास्तीची टाक. भूक लागली."